काळ्या मातीत लिंबाला कोणता चुना टाकावा?

जामनेरकर: राम राम मंडळी. घरामागं काळी माती, पाणी बोअरचं. तीन वर्षांच्या कागदी लिंबाची कोवळी पानं पिवळी पडताहेत, शिरा मात्र हिरव्याच. शेजारचे म्हणतात चुना टाका. कळीचा टाकू की विरलेला? आळ्याला किती?

तापीकाठ: दादा, कोणताच नको! चुना आंबट मातीचा, कोकणातल्या जांभ्याचा उपाय आहे. आपल्याकडच्या काळ्या मातीचा सामू (पीएच; 7 च्या खाली आंबट, वर खारट-अल्कली) बहुतेक ठिकाणी 7.5 ते 8.5 असतो. वाळलेल्या ढेकळावर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसलं तर चुनखड आधीच भरपूर आहे. तुमचं लक्षण लोहाच्या कमतरतेचं. लोह मातीत असतं, पण चुनखडीमुळे मुळांना मिळत नाही. आळ्यात पाणी तुंबलं की पिवळेपणा आणखी वाढतो.

1 लिटर पाण्यात आधी 1 ग्रॅम सायट्रिक आम्ल, मग 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून संध्याकाळी कोवळ्या पानांवर फवारा. पाणी तांबूस झालं तर ओतून द्या, त्यातलं लोह वाया गेलेलं असतं. बारा दिवसांनी पुन्हा फवारा. हिराकस नुसतं आळ्यात टाकू नका, तिथं त्याचा गंज होतो. मातीतून द्यायचंच असेल तर लोहाचं ईडीडीएचए चिलेट (लोह धरून ठेवून मुळांना मिळू देणारं खत) घ्या. ईडीटीए चिलेट स्वस्त असतं, पण आपल्या सामूला टिकत नाही.

जामनेरकर: मग गंधक किंवा जिप्सम टाकून सामू खाली आणता येईल का?

काळीमाती: हिशेब करून बघा. एक मीटर लांब-रुंद आळ्यातली 15 सेंटीमीटर माती साधारण 200 किलो भरते. चुनखड 5 टक्के धरली तरी 10 किलो झाली, आणि ती संपवायला 3 किलोच्या वर गंधक लागेल. एवढं एकदम टाकायचं नसतं. त्यापेक्षा शेणखतात मूठभर गंधक मिसळून आळ्याच्या कडेला चार खड्ड्यांत भरा. तेवढ्या जागेतल्या मुळांना लोह मिळतं. जिप्सम चोपण जमिनीसाठी, जिथं सोडियम जास्त असतं. तिथंही निचरा नसेल तर सुटलेला सोडियम जागेवरच राहतो. म्हणून आधी माती तपासून घ्या: चार-पाच ठिकाणी वीतभर खोल 'व्ही' आकाराचा खड्डा, कडेची माती एकत्र करून त्यातली अर्धा किलो.

तापीकाठ: घरात कळीचा चुना असेल तर बोर्डो पेस्टला (खोडाला लावायचा बुरशीनाशक लेप) वापरा. 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्ध्या लिटरात, 100 ग्रॅम चुना विरवून दुसऱ्या अर्ध्या लिटरात, दोन्ही प्लॅस्टिकच्याच बादल्यांत; मग एकत्र ओता. लोखंडी पातं मिनिटभर बुडवा. त्यावर तांबडा थर चढला तर चुना कमी पडलाय, थोडा वाढवा. पावसाळ्याआधी खोडाला दोन फुटांपर्यंत लावा.