काव म्हणजे गेरूच का?

मलप्रभाकाठ: बेळगावजवळच्या एका जुन्या वाड्यात देवघराच्या भिंतीची दुरुस्ती चाललीय. पांढऱ्या गिलाव्यावर तांबडी वेलबुट्टी आहे. कामाचं टिपण कन्नडात आहे, ते मराठीत करायला माझ्याकडं आलं. त्यात 'कावी' हा शब्द जागोजागी आहे. मी सगळीकडं 'गेरू' लिहून मोकळा झालो. रात्री घरात वाचून दाखवलं तर खानापूरच्या आत्यानं मधेच थांबवलं. "गेरू कुठला रे? गेरू तुळशीच्या कुंडीला लावतेत. भिंतीला काव." मी कोश काढून दाखवला, दोन्ही शब्दांपुढं तांबडी माती. तिला पटलं नाही. तिच्या लहानपणी दिवाळीआधी घर सारवून झालं की भिंतीच्या तळाला वीतभर उंचीचा कावेचा पट्टा ओढायचे. काव डब्यात असायची, गेरूचे खडे वेगळे ठेवलेले असायचे. मग या दोन वस्तू की एकाच वस्तूची दोन नावं? शब्द कोणता ठेवू?

निपाणकर: वस्तू एकच. दोन्हींचा तांबडेपणा लोहाचा आहे, लोखंडाच्या गंजाच्या जातीचा. मी शाळेत शिकवायचो तेव्हा मुलांना हे करून दाखवायचो. पिवळ्या मातीचा खडा बारीक करून लोखंडी तव्यावर पसरायचा आणि चूल मोठी करायची. कडेकडेनं आधी नारिंगी होत जातं, मग सगळी पूड तांबडी होते. पिवळ्या मातीत लोहाबरोबर पाणी बांधलेलं असतं, ३०० अंशाच्या आसपास ते सुटतं आणि उरतो तो गेरू. आता त्याच पुडीला खानापुरात काव म्हणा नाहीतर निपाणीत गेरू म्हणा. आत्यांचा मान राखून सांगतो, डबा वेगळा म्हणून पदार्थ वेगळा होत नाही.

शब्दनिष्ठ: मग 'गैरिक' लिहा ना. गिरीपासून गैरिक, गैरिकापासून गेरू. मूळ शब्द असताना कन्नड 'कावी'च्या सावलीत आलेला 'काव' कशाला? सीमाभागात राहून मराठी टिकवायची तर एवढी काळजी घ्यायलाच हवी.

अथणीची लेक: काव सावलीत आलेला शब्द नाही हो. कोकणात आहे, गोव्यात आहे, देशावर आहे. कन्नडात संन्याशाला 'कावीधारी' म्हणतात, त्याच्या भगव्या वस्त्राला आपल्याकडं 'काषाय वस्त्र' म्हणतात. दोन्हींचं मूळ एकच, असं मला वाटतं. काषायातला ष गळाला आणि काव उरली असावी. आणि 'गैरिक' लिहिलं तर गवंडी, मालक, पुजारी यांतला कोण वाचणार? टिपण त्यांच्यासाठीच आहे ना?

शब्दनिष्ठ: 'कावीळ'सुद्धा काषायच का मग?

अथणीची लेक: कावीळ कामलापासून. आणि ती पिवळी असते.

कारवारचा भाचा: मला वाटतं इथं सगळेजण पुडीकडंच बघताहेत. कारवार-कुमठ्याकडं, गोव्यात, सिंधुदुर्गात 'कावी' हे कामाचंच नाव आहे. शिंपल्या भाजून केलेला चुना, धुतलेली नदीची वाळू आणि गूळ हे मिश्रण दोन आठवडे मुरू द्यायचं, मग पांढरा गिलावा करायचा. तो ओला असतानाच वर तांबड्या मातीचा थर द्यायचा आणि लोखंडी काट्यानं तांबडं खरवडून खालचं पांढरं उघडं करायचं. म्हणजे कुंचल्यानं काढायचं नाहीच, कोरायचं. त्यात डिंकही लागत नाही. चुना वाळताना हवेतला कर्बवायू ओढून पुन्हा दगडासारखा होतो आणि रंगाला धरून ठेवतो. पाण्यात कालवून कुंडीला लावलेला गेरू वर्षभरानं बोटाला लागतो, ही भिंत शंभर वर्षांनीही लागत नाही. आत्यांना हा फरक हाताला माहीत असणार. मलप्रभाकाठ, तुमच्या भिंतीवर वेलीच्या कडेला बोट फिरवून बघा. खाच लागली तर कावीच लिहा.

आणखी एक. त्या तांबड्या मातीला तिकडचे जुने कारागीर हुरमुंजी म्हणायचे. हुरमुंज म्हणजे इराणजवळचं होर्मुझ बेट. तिथली माती तांबडीलाल, ती बाहेरगावी जायची आणि तिच्याबरोबर नावही आलं. तुमच्या टिपणात हुरमुंजी आहे का?

निपाणकर: कोरीवकामाचं मान्य. पण मग तळपट्ट्याचं काय? तो कोणी कोरत नव्हतं, फडक्यानं ओढायचे. तरी आत्या त्याला काव म्हणतातच. तुमची व्याख्या तिथं तुटते.

कारवारचा भाचा: तुटत नाही, सैल होते. भिंतीवर गेलं की काव.

शब्दनिष्ठ: सैल व्याख्या म्हणजे शब्दाच्या अर्थालाच हरताळ.

घटप्रभा: हरताळ फासणे हा वाक्प्रचार इथं रंगाचाच आहे, हे तुमच्या लक्षात आलं का? हरताळ म्हणजे सोमल आणि गंधकाचं पिवळंधमक खनिज. पोथीत अक्षर चुकलं की त्यावर हरताळाचा लेप द्यायचे. कागद पिवळसर, लेपही पिवळसर, त्यावर पुन्हा लिहिता यायचं. विषारी असल्यानं किडाही दूर राहायचा. आमच्या घरच्या एका पोथीत असं पान आहे. उजेडात तिरकं धरलं की चुकलेला शब्द लेपाखालून उमटतो, 'देवा'च्या जागी 'दैवा' झालं होतं. मी लहानपणी तासन् तास ते पान बघत बसायचे.

निपाणकर: आमच्याकडं हरताळ म्हटलं की बाजारपेठ बंद! दुकानांच्या फळ्या लागलेल्या. तोच शब्द असेल, व्यवहारावर लेप चढवणं.

घटप्रभा: तो निराळा. संस्कृत 'हट्ट' म्हणजे दुकान आणि ताळ म्हणजे टाळं, गुजराती 'हडताळ'. ६ एप्रिल १९१९ ला रौलट कायद्याविरुद्ध देशभर झाला तो हाच. खनिज 'हरिताल'वरून आलं. दोघं चालत चालत मराठीत एकाच वेशीवर आले, एवढंच.

शब्दनिष्ठ: म्हणूनच मूळ रूपं जपा म्हणतो. आज कितीजणांना यातला फरक सांगता येईल?

अथणीची लेक: फरक सांगता येत नाही तरी शंभर वर्षं कुणाचं अडलं नाही. 'नियमांना हरताळ फासला' म्हटल्यावर कुणी बाजार बंद समजत नाही.

मलप्रभाकाठ: भिंत बघून आलो. वेलीच्या कडेला खाच लागते, नखाएवढी खोल. पण दारावरच्या पट्टीत लागत नाही, तिथं रंग वरून दिलाय आणि ओल्या बोटाला तांबडं येतं. टिपणात दोन्हींना 'कावी'च लिहिलंय. हुरमुंजी कुठं नाही. आत्यानं माळ्यावरून जुना डबा काढला, तळाला बोटभर पूड आहे. गेरूच्या खड्याशेजारी कागदावर घासून पाहिली. खड्याची रेघ विटकरी, पुडीची जास्त काळपट, जांभळ्याकडं झुकणारी. आता माझाच हात अडलाय. हे एकच आहे म्हणवत नाही.

निपाणकर: भाजणी जास्त झाली की रंग काळपट होतो. पदार्थ तोच.

कारवारचा भाचा: किंवा ती पूड लांबून आलेली.

संकेश्वरचा बाजार: वरचं सगळं आत्ता वाचलं. तुमच्या चर्चेत जाजू हा शब्द कसा आला नाही? आमच्याकडं कन्नड बोलणाऱ्या बायका तांबड्या मातीला जाजू म्हणत, आम्हीही तेच म्हणायचो. आई मला काव आणायला पाठवायची. दुकानात जाऊन मी 'काव द्या' म्हटलं की दुकानदार वजनकाटा हातात धरून विचारायचा, "भिंतीला की माठाला?" आणि दोन वेगळ्या पोत्यांतलं द्यायचा.