मदत हवी आहे: डोक्याला वारंवार मार आणि भावाचं बदललेलं वागणं

धाकटा भाऊ २८ वर्षांचा. पुण्यात नोकरी, उरलेला सगळा वेळ डाउनहिल सायकलिंग, म्हणजे डोंगरउतारावरून वेगात सायकल मारणं. पडणं त्यांच्यात नेहमीचंच. हात मोडला तर घरी कळतं, डोकं आपटलं तर "जरा गरगरलं" म्हणून विषय संपतो. दिवाळीआधी मात्र जोरात पडला. त्या वेळची काही मिनिटं त्याला आठवतच नाहीत. एमआरआय नॉर्मल आला. पण तेव्हापासून झोप नाही, उजेड सोसत नाही, बारीकसारीक गोष्टींवर खेकसतो. परवा आईला म्हणाला, "मी नसलो तर तुमची एक कटकट कमी." आईने हसण्यावारी नेलं. मला नाही जमलं.

लहानपणी तो डेव्ह मिराच्या नावाचा व्हिडिओगेम खेळायचा, म्हणून मिराबद्दल वाचलं. बीएमएक्सचा, म्हणजे सायकलवरच्या कसरतींचा बादशहा, एक्स गेम्स या साहसी खेळांच्या स्पर्धेत २४ पदकं, त्यातली १४ सुवर्ण. फेब्रुवारी २०१६ मध्ये, ४१व्या वर्षी त्याने आत्महत्या केली. नंतर टोरांटोच्या डॉक्टरांना त्याच्या मेंदूत सीटीई सापडला, म्हणजे डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार.

सीटीईची तपासणी आपल्याकडे कुठे होते? न्यूरोलॉजिस्ट गाठू की मानसोपचारतज्ज्ञ? आणि त्या वाक्याबद्दल त्याला सरळ विचारू का? भीती वाटते.

प्रतिसाद: रानवारा

ताई, तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते. सरळ विचारा, "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बहुतेकांना बोलायला वाट मिळते. 'हो' म्हणाला तर एकटं सोडू नका, घरातली औषधं कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ किंवा रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा. टेलीमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास असते, मराठीतही बोलतात.

सीटीईच्या मागे आत्ता लागू नका. त्याचं पक्कं निदान मृत्यूनंतर मेंदूच्या पेशी तपासूनच होतं. मिराचंही एवढं सरळ नाही: १९व्या वर्षी गाडीने उडवल्याने त्याची कवटी फुटली होती, पुढे तो बॉक्सिंगही करायचा. कॅनडातल्या ओंटारिओत कन्कशन (डोक्याला मार बसून मेंदू हादरणं) झालेल्या सव्वादोन लाखांहून अधिक लोकांचा अभ्यास २०१६ मध्ये आला. आत्महत्येचं प्रमाण वर्षाला लाखात ३१, सर्वसाधारणपेक्षा तिप्पट. म्हणजे धोका खरा, पण बहुसंख्य लोक त्या वाटेला जात नाहीत.

कन्कशनमध्ये एमआरआय बहुधा नॉर्मलच येतो, त्यामुळे "रिपोर्ट चांगला आहे, नाटकं करतोस" असं कुणालाही म्हणू देऊ नका. न्यूरोलॉजिस्ट आणि मानसोपचारतज्ज्ञ, दोघेही लागतील. झोप, डोकेदुखी, नैराश्य यांवर उपचार आहेत. अंधाऱ्या खोलीत आठवडेच्या आठवडे पडून राहणं आता कुणी सांगत नाही. पहिले एक-दोन दिवस आराम, मग झेपेल तेवढं चालणं. डाउनहिल मात्र डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. मेंदू सावरायच्या आत दुसरा मार बसणं वाईट. आणि ते हेल्मेट टाकून द्या, एकदा असं आपटलेलं हेल्मेट बाद.

धागाकर्ती

काल रात्री विचारलं. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "कधीकधी येतं." तिथूनच १४४१६ लावला, दोघंही बोललो. रात्री त्याच्याच खोलीत झोपले, आत्ता मानसोपचारतज्ज्ञांच्या दवाखान्यात बसलोय. सायकल त्यानेच मित्राकडे पाठवली, मी काही बोलायच्या आत. आईला यातलं किती सांगायचं ते कळत नाहीये. कुणी घरच्यांशी हे बोललं असेल तर सांगा.