कॉपी केसची नोटीस आली आहे, आठ दिवसांत काय काय करायचं?

जुळेसोलापूरकर

नमस्कार मंडळी. धाकटी बहीण शहरातल्या एका महाविद्यालयात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पाचव्या सत्रात कॉस्टिंगच्या पेपरला भरारी पथकाला तिच्या बेंचखाली मायक्रो झेरॉक्सची दोन पानं सापडली. पहिली उत्तरपत्रिका जप्त केली, दुसरी दिली, पेपर पूर्ण लिहू दिला. नंतर पर्यवेक्षकांनी सांगितलं तसं तिनं घाबरून लिहून दिलं: ‘माझ्याकडे कॉपी सापडली, चूक झाली, माफ करावे.’ पानं आपली नव्हती असं ती म्हणते. निकाल राखून ठेवलाय. आता चौकशी समितीपुढे हजर राहायचं पत्र आलंय, तारीख आठ दिवसांनी आहे.

लेखी खुलासा काय द्यायचा? सोबत वकील नेता येतो का? निर्णय विरोधात गेला तर अपील कुठं? व्हॉट्सॲपवर १ कोटी दंडाचा मेसेज फिरतोय, त्यानं आईची झोप उडाली आहे.

परीक्षाविभाग_जुना

दादा, आधी आईंना सांगा, तो १ कोटीचा मेसेज इथं लागूच होत नाही. तो २०२४चा केंद्राचा कायदा आहे. यूपीएससी, एसएससी, रेल्वे भरती, बँक भरती, एनटीए अशा परीक्षांसाठी केलेला, आणि १ कोटीचा दंड परीक्षा घेणाऱ्या सेवापुरवठादार कंपन्यांना आणि संघटित टोळ्यांना आहे. विद्यापीठाच्या सत्र परीक्षेशी त्याचा संबंध नाही.

तुमच्या बहिणीचं प्रकरण महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ खाली चालेल. त्यातल्या कलम ४८ मध्ये परीक्षा व मूल्यमापन मंडळ आहे. परीक्षेतल्या गैरप्रकारांच्या चौकशीसाठी हे मंडळ जास्तीत जास्त पाच जणांची समिती नेमतं. समिती फक्त अहवाल आणि शिफारस देते, शिक्षा मंडळ ठरवतं. हा फरक ध्यानात ठेवा, कारण समितीपुढचं बोलणं मंडळापर्यंत कागदाच्या रूपातच पोचतं. तोंडी कितीही चांगलं बोललात आणि ते कागदावर आलं नाही, तर मंडळाच्या दृष्टीनं ते बोललंच गेलेलं नसतं.

म्हणून आठ दिवसांतला पहिला दिवस खुलासा लिहिण्यात घालवू नका. आधी कागद मागा. साध्या कागदावर परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांच्या नावानं अर्ज करा. आसन क्रमांक, विषय, पेपरची तारीख आणि नोटिशीचा जावक क्रमांक घाला. मागायच्या गोष्टी अशा: परीक्षा केंद्रानं पाठवलेला अहवाल, जप्त केलेल्या पानांची छायाप्रत, पर्यवेक्षक आणि पथक या दोघांचं म्हणणं, बहिणीनं लिहून दिलेला कागद आणि दोन्ही उत्तरपत्रिका. केगावला सोलापूर विद्यापीठात आवक विभागात अर्ज देऊन आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्या. तीच प्रत महाविद्यालयाच्या प्राचार्यांनाही द्या आणि ईमेलही करा. माहिती अधिकारात मागू नका असं नाही, पण त्यात उत्तराची मुदत ३० दिवसांची, तुमच्याकडे आठ. तो अर्ज अपिलासाठी उपयोगी पडेल, सुनावणीसाठी नाही.

तारखेपर्यंत कागद मिळाले नाहीत तर सुनावणीला जायचं टाळू नका. हजर राहून लेखी द्या: ‘दि. अमुक रोजी कागदपत्रांची मागणी केली होती, ती मिळालेली नाहीत, ती पाहून म्हणणे मांडण्यासाठी पुढील तारीख मिळावी.’ गैरहजर राहिलात तर एकतर्फी निर्णय होतो आणि मग ‘मला ऐकूनच घेतलं नाही’ हा मुद्दा हातातून जातो.

बाळीवेस

वरचं सगळं बरोबर आहे. खुलाशाबद्दल मी सविस्तर लिहितो, कारण बहुतेक मुलांचं नुकसान तिथंच होतं.

झेरॉक्सच्या दुकानात किंवा मित्रांकडे एक तयार मसुदा मिळतो: ‘घरची परिस्थिती बिकट आहे, वडील आजारी आहेत, माझ्याकडून चूक झाली, एक वेळ माफी मिळावी.’ हा मसुदा वापरू नका. ज्यानं खरंच कॉपी केली आणि ज्याला कबूल करायचं आहे त्याचं ठीक. पण पानं आपली नाहीत असं म्हणायचं असेल, तर हा कागद म्हणजे दुसरा कबुलीजबाब होतो. पहिला परीक्षागृहात घाबरून दिला असं सांगता येतं. दुसरा घरी बसून, चार दिवस विचार करून दिलेला असतो, त्याचं काय सांगणार?

पहिल्या कागदाबद्दल गप्पही राहू नका. खुलाशात सुरुवातीलाच लिहा की तो मजकूर कोणाच्या सांगण्यावरून लिहिला, किती वाजता, तेव्हा पेपरचा किती वेळ शिल्लक होता आणि त्यातला कोणता भाग बरोबर नाही. ‘दबावाखाली लिहून घेतले’ एवढंच मोघम लिहून काही होत नाही. कोण, कुठं, कोणते शब्द, हे आलं पाहिजे. आणि जे घडलं तेवढंच लिहा. कुणी हात धरला नसेल तर धरला असं लिहू नका.

मग पानांकडे या. समिती साधारण काय पाहते? पानांवरचा मजकूर त्या दिवशीच्या पेपरच्या विषयाचा आहे का. तो उत्तरपत्रिकेत उतरलाय का, कोणत्या प्रश्नात, किती ओळी. पानं अंगावर, पॅडखाली, बेंचवर की जमिनीवर सापडली. केंद्राच्या अहवालात नेमकी जागा लिहिली आहे का. शेजारी कोण बसलं होतं, बेंच दोघांत सामायिक होता का.

जवळ बाळगणं आणि उतरवून काढणं हे दोन वेगळे आरोप आहेत. विद्यापीठांच्या शिक्षा-तक्त्यात त्यांना वेगवेगळ्या ओळी असतात, उतरवल्याची शिक्षा वरची. नुसत्या बाळगण्यालाही शिक्षा असते, साधारणपणे त्या परीक्षेची संपादणूक, म्हणजे मिळालेले गुण, रद्द. उतरवलं असेल तर त्यात पुढच्या परीक्षेला बसण्याची बंदी जोडली जाते, ज्याला मुलं ‘प्लस वन’ म्हणतात. दुसऱ्याच्या नावावर पेपर लिहिणं किंवा उत्तरपत्रिका बाहेर नेणं याला त्याहून कितीतरी जास्त. तुमच्या नोटिशीत यातला कोणता आरोप आहे ते शब्द न् शब्द वाचा. नुसतं ‘गैरप्रकार’ लिहिलं असेल, तर कोणत्या कलमाखाली आरोप आहे ते लेखी विचारा.

कॉस्टिंगच्या पेपरात एक मुद्दा तुमच्या बाजूनं निघू शकतो. झेरॉक्सच्या पानावर सोडवलेलं उदाहरण असेल आणि पेपरातले आकडे वेगळे असतील, तर उतरवल्याचं दाखवणं अवघड असतं. पान थिअरीचं असेल आणि तिनं त्या प्रश्नाचं उत्तरच लिहिलं नसेल, तर तेही दाखवा. जप्त उत्तरपत्रिकेतला पान क्रमांक आणि प्रश्न क्रमांक देऊन दाखवा, म्हणजे समितीला शोधत बसावं लागणार नाही. दीड ते दोन पानांत आटपा. समितीपुढे एका दिवसात बरीच प्रकरणं असतात, सहा पानी निवेदन कुणी नीट वाचत नाही.

आर्थिक अडचण, आजवरचे गुण, आधी एकही प्रकरण नाही, हे सगळं शेवटच्या परिच्छेदात. तिथं ते शिक्षेच्या प्रमाणासाठी उपयोगी आहे, आरोपाचं उत्तर म्हणून नाही.

होटगीरोड_वकील

वकिलाबद्दल: अशा अंतर्गत चौकशीत वकील नेण्याचा हक्क सहसा मिळत नाही, आणि नेला तर वातावरण बिघडतं. पालक किंवा भाऊ बाहेर थांबू शकतो, आत घेणं समितीवर आहे. वकिलाची गरज खुलासा तपासायला असते. मुलीला त्यासाठी पैसे मोजावे लागतीलच असं नाही. विधी सेवा प्राधिकरण कायद्यात महिलांना उत्पन्न न पाहता मोफत मदत मिळते. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा.

कायद्याचं थोडं. १९६२ मध्ये घनश्याम दास गुप्ता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कॉपीच्या प्रकरणात निकाल रद्द करण्याआधी विद्यार्थ्याला आपलं म्हणणं मांडायची संधी दिलीच पाहिजे. म्हणून ही नोटीस येते. दुसरी बाजूही जाणून घ्या. १९९१ च्या के. एस. गांधी प्रकरणात, तेही महाराष्ट्रातलं, न्यायालयानं म्हटलं की अशा चौकशीत फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही, शक्यतेचं पारडं कुठं झुकतं ते पाहिलं जातं. त्यामुळं ‘मला प्रत्यक्ष कुणी पाहिलं नाही’ एवढ्यावर सुटका होत नाही. परिस्थितीजन्य पुराव्यालाही उत्तर द्यावं लागतं. आणि अख्ख्या केंद्राची परीक्षा सामूहिक कॉपीमुळं रद्द झाली, तर प्रत्येकाला वेगळी सुनावणी मिळत नाही, हे १९७० मध्येच ठरलंय. तुमचं प्रकरण तसं नाही.

सिद्धेश्वरपेठ_२१

अपिलाचं सांगा ना कुणीतरी. यूजीसीचा लोकपाल असतो म्हणे, थेट तिकडं गेलं तर? आणि माझ्या मित्राचं वसतिगृहातल्या मारामारीचं प्रकरण आहे, त्यालाही हीच समिती का?

परीक्षाविभाग_जुना

थेट जाता येत नाही. २०२३ च्या यूजीसी विनियमांप्रमाणे आधी विद्यार्थी तक्रार निवारण समिती. तिनं १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा. तो मान्य नसेल तर निर्णय मिळाल्यापासून १५ दिवसांत लोकपालांकडे अपील, आणि त्यांनी ३० दिवसांत निकाली काढायचं. परीक्षा घेण्यातल्या किंवा मूल्यमापनातल्या गैरप्रकारांचे विषय लोकपालांकडे नेता येतात. नुसतं फेरमूल्यांकन मागणारा अर्ज मात्र ते घेत नाहीत. निकालावर परिणाम करणारी ठोस अनियमितता किंवा भेदभाव दाखवावा लागतो. म्हणजे ‘शिक्षा जास्त झाली’ एवढं पुरत नाही. ‘मागितलेले कागद दिले नाहीत’, ‘नोटिशीत एक आरोप आणि आदेशात दुसराच’, ‘आदेशात कारणच नाही’, अशी चूक बोट ठेवून दाखवली तर अर्जाला धार येते.

त्याआधी मंडळाच्या आदेशाची प्रत घ्या. महाविद्यालयाच्या फलकावर आसन क्रमांक आणि शिक्षा एवढी यादी लागते, तो आदेश नव्हे. कारणांसह आदेश लेखी मागा, मिळाल्याची तारीख टिपून ठेवा आणि कुलगुरूंकडे फेरविचाराचा अर्ज करा. फेरविचाराची वाट पाहताना १५ दिवसांची मुदत निसटू देऊ नका. दोन्हीकडे कागद चालू ठेवा. आपली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात पाहता येते, २०११ च्या आदित्य बंदोपाध्याय निकालानं ते पक्कं झालंय. अर्जाचं शुल्क १० रुपये.

वसतिगृहाचं प्रकरण परीक्षेच्या समितीकडे जात नाही, ते शिस्तीचं. पण त्यात सीनियर-ज्युनियर असा काही भाग असेल तर ते रॅगिंग ठरू शकतं. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यात संस्थाप्रमुखांनी ७ दिवसांत चौकशी करायची, प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर निलंबन आणि तक्रार पोलिसांकडे. दोषी ठरला तर दोन वर्षांपर्यंत कैद, १० हजारांपर्यंत दंड आणि ५ वर्षं दुसऱ्या कुठल्याही संस्थेत प्रवेश नाही. तो मित्र मेडिकलचा असेल तर त्याचं विद्यापीठ नाशिकचं, इथलं नव्हे. वेगळा धागा काढा, इथं घोळ होईल.

होटगीरोड_वकील

उच्च न्यायालयाचं राहिलं. १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्ह्याची प्रकरणं मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात, मुंबईला जायची गरज नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खालच्या रिट याचिकेत न्यायालय पानं कुणाची होती हे नव्यानं ठरवत बसत नाही. संधी दिली का, आदेशात कारणं आहेत का, शिक्षा अपराधाच्या मानानं फारच जबर आहे का, हे पाहतं. तिथंही सगळी मदार आज तुम्ही घेतलेल्या आवक शिक्क्यांवर असेल.

बाळीवेस

दोन गोष्टी राहिल्या. निकाल राखीव असला तरी सहाव्या सत्राचा परीक्षा अर्ज मुदतीत भरा. महाविद्यालयानं नाही म्हटलं तर ‘चौकशीच्या निर्णयाच्या अधीन राहून’ अर्ज स्वीकारावा अशी लेखी विनंती करा. प्रकरणातून सुटली पण अर्जच भरला नव्हता, म्हणून सत्र गेलं, असं होता कामा नये.

आणि ‘आतली ओळख आहे, इतके द्या, नाव काढतो’ म्हणणारे फोन या काळात येतात. पैसे देऊ नका, आसन क्रमांकही सांगू नका. पैसे देऊ पाहणं हा स्वतंत्र गैरप्रकार आहे आणि शिक्षा-तक्त्यात त्याची वेगळी ओळ असते.

जुळेसोलापूरकर

मनापासून आभार. नोटीस पुन्हा वाचली, त्यात ‘साहित्य बाळगणे व त्याचा वापर करणे’ असे दोन्ही शब्द आहेत. पानं कोणत्या धड्याची होती ते तिला नक्की सांगता येत नाही, ती लगेच काढून घेतली होती.

परीक्षाविभाग_जुना

मग पानांची छायाप्रत हीच तुमची पहिली मागणी. ती पाहिल्याशिवाय ‘वापर’ या शब्दाला उत्तर लिहू नका. उद्या सकाळी कार्यालय उघडल्या उघडल्या अर्ज द्या. दुपारनंतर गेलात तर शिक्का दुसऱ्या दिवसाचा पडू शकतो, आणि आठातला एक दिवस जाईल.