झेंडूला मज्जाव, आणि रानातून उपटलेल्या कंदाचं स्वागत?

तांबट
जुलैच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी आमच्या टेकडी गटाचा देशी झाडांचा मेळावा पुण्यात झाला. शनिवारी सकाळी वेताळ टेकडीवर फेरी, रविवारी रोपांची आणि बियांची देवाणघेवाण. मी रविवारी नोंदणीच्या टेबलावर होते. नियम एकच: परदेशी झाडं आणायची नाहीत.

पहिल्याच तासात एक आजी आल्या. दुधाच्या पिशव्यांत झेंडूची दहाबारा रोपं आणि थोडी सदाफुली. झेंडू मूळचा मेक्सिकोचा, सदाफुली मादागास्करची, म्हणून मी नम्रपणे नकार दिला. त्या म्हणाल्या, "मग दसऱ्याला दाराला काय बांधता गं?" मला उत्तर सुचलं नाही. त्या पिशव्या उचलून रिक्षानं परत गेल्या.

अर्ध्या तासानं एक तरुण आला. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले आठ कंद, प्रत्येकाला हातभर वेल. कंदीलपुष्प, कंदिलासारखं फूल येणारी रानवेल! सगळे टेबलाभोवती गोळा झाले, फोटो निघाले, पाच मिनिटांत आठही कंद वाटून संपले. मीही कौतुकानं बघत उभी होते. कुठून आणले, हे एकानंही विचारलं नाही. घरी येऊन जेवायला बसले तेव्हा ते डोक्यात आलं आणि घास उतरेना.

कंदीलपुष्पाच्या कितीतरी जाती फक्त सह्याद्रीत उरल्या आहेत. काही तर एखाद्या गडाच्या उतारापुरत्या. पाऊस संपला की वरची वेल वाळून जाते आणि झाड जमिनीखाली कंदात जिवंत राहतं. कंद काढला म्हणजे त्या जागेवरचं ते झाड संपलं. आणि आम्ही ते "देशी" म्हणून टेबलावर मानानं ठेवलं.

माझं मत असं झालंय की झाड कोणत्या देशाचं हा प्रश्न टेबलावर दुय्यम हवा. पहिला प्रश्न हा: हे रोप कुठून आलं, कसं तयार केलं? रानातून उपटलेलं काहीही नको, मग ते कितीही देशी असो. आणि अंगणात राहणारा, कुठे पसरत न जाणारा झेंडू कोणी आणला तर आणू दे. तुम्हाला काय वाटतं?

मेडशिंगी
तांबट ताई, कंदांबद्दल शंभर टक्के सहमत. झेंडूबद्दल अजिबात नाही.

"अंगणात राहणारं" हे कोण ठरवणार? जलपर्णी शोभेचं झाड म्हणूनच देशात आली होती, आज मुळा-मुठेत काय आहे ते बघा. केशरी कॉसमॉस लोकांनी बंगल्यांच्या कुंपणाला हौसेनं लावला. पाऊस ओसरला की मुळशीच्या वाटेवर उतारच्या उतार केशरी होतात आणि लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. त्या जागी तेरडा, सोनकी, कवला फुलायला हवा होता. तुमच्या आजींची सदाफुली मी जुन्या दगडी भिंतींच्या भेगांत आपोआप उगवलेली पाहिली आहे. लावणाऱ्या कुणाचाही हेतू वाईट नव्हता.

दुसरं म्हणजे टेबलावर बसणारी मुलं कॉलेजातली असतात. त्यांना लागू करता येईल असा सोपा नियम लागतो. "पसरतं का" यावर दर रोपामागे वाद घालत बसलो तर दुपारपर्यंत रांग हलणार नाही.

आणि खरं कारण सांगतो. झेंडू कोणत्याही नर्सरीत मिळतो. मेडशिंगी, वारस, धामण, कौशी विचारा, नर्सरीवाला तोंडाकडे बघत राहतो. वर्षातले ३६३ दिवस बाजार गुलमोहर आणि पाम विकतो. उरलेले दोन दिवस तरी या झाडांना जागा द्या. वेताळ टेकडीवर गिरिपुष्प हे परदेशी झाड किती माजलंय ते शनिवारी सगळ्यांनी पाहिलंच. झटपट हिरवं दिसावं म्हणूनच ते लावलं गेलं होतं.

माळावरची
मी सासवडजवळ राहते. आमची चार एकर सीताफळाची बाग आहे. सीताफळ अमेरिका खंडातलं. पेरू, मिरची, टोमॅटो, काजू, सगळं तिकडूनच आलेलं. आमच्या घरच्या चुलीला परदेशी म्हणाल का?

पण माझं भांडण वेगळंच आहे. तुमच्या अशा मेळाव्यांतून नेलेली बहावा, कडुनिंब, वड, पिंपळाची रोपं घेऊन दर पावसाळ्यात शहरातली माणसं आमच्या माळावर खड्डे खणायला येतात. म्हणतात, ओसाड जागा हिरवी करतोय. ती ओसाड नाही हो! ते गवताळ रान आहे. तिथे कुसळी आहे, पवन्या आहे, धाविक आणि चंडोल जमिनीवर अंडी घालतात, लांडग्यांची पिल्लं वाढतात. धनगरांची मेंढरं त्याच गवतावर जगतात. आमच्याकडे पाऊस पुण्याहूनही कमी, इथे दाट झाडी कधी नव्हतीच. तिथे वड लावला तर तो देशी असूनही उपराच. मेडशिंगी दादा, तुमच्या सोप्या नियमात हे बसतं का सांगा.

कातळकोपरा
सगळे त्या पोरावर तुटून पडलेत, म्हणून थोडं उलट लिहितो. मी वीस वर्षं कंदवर्गीय आणि खडकावरची झाडं वाढवतोय.

शिंदळ माकुडी घ्या. कड्याच्या कपारीत वाढणारी, तारेसारखी तांबडी फुलं आणि त्यावर पिवळे ठिपके. शिवनेरीसारख्या मोजक्या जागा सोडल्या तर रानात कुठे दिसत नाही. पण फांदीचा तुकडा मातीत खोचला की जगते, म्हणून आज ती कितीतरी बागांत आहे. उद्या एखादी दरड कोसळली तरी ती जात पृथ्वीवरून जाणार नाही, आणि हे झाडवेड्या माणसांमुळे झालं. "रानातलं काही हातात घेऊच नका" असा नियम केलात तर हे थांबेल. घाटात रस्ता रुंद होतो तेव्हा जेसीबी कंद बघून थांबत नाही. कोणी तिथून आठ कंद वाचवून आणले असतील तर? आधी त्याला विचारा तरी.

तांबट
कातळकोपरा दादा, तुमचं बरोबर आहे, विचारायलाच हवं होतं. काल त्याला फोन केला. सरळ मुलगा आहे, काही लपवलं नाही. रस्त्याचं काम वगैरे काही नव्हतं. गेल्या पावसाळ्यात ट्रेकला एका उतारावर फुलं पाहिली, जागा लक्षात ठेवली आणि यंदा वेल वर येताच जाऊन काढले. "देशी झाडांचा मेळावा आहे तर काहीतरी दुर्मीळ न्यावं" असं त्याला वाटलं. मी विचारलं, तिथे किती उरले? म्हणाला, दोनतीन असतील.

मला हेच सलतंय. हौस त्याला आमच्या मेळाव्यानं लावली आणि दुर्मीळ गोष्टीला टाळ्याही आम्हीच दिल्या.

कातळकोपरा
मग ते चूक. वाचवणं आणि लुटणं यातला फरक तिथेच आहे, दहापैकी आठ काढणं म्हणजे जागा रिकामी करणं. जंगलखात्याची हद्द असेल तर कायद्यानंही गुन्हा. माझा मुद्दा मात्र तसाच ठेवतो: वाढवणं थांबवू नका, कंदाऐवजी बी गोळा करा. दोन शिंगांसारखी शेंग येते, पिकली की फुटते आणि कापसासारखा तुरा घेऊन बी उडतं. थोडं बी घेतलं, बाकी तिथेच राहू दिलं, तर रानाला फारसं जाणवत नाही.

चौथा मजला गॅलरी
मी या क्षेत्रात नवीन, म्हणून लिहू की नको असं झालं होतं. तीन वर्षांपूर्वी अशाच एका मेळाव्याला मी फक्त झेंडू आणि पुदिना घेऊन गेले होते. तेवढंच माझ्याकडे होतं. तिथल्या काकूंनी झेंडू ठेवून घेतला आणि बदल्यात रुईचं रोप दिलं. मला वाटलं, रुई काय, रस्त्याकडेला असते. महिनाभरात तिच्यावर पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या आल्या, मग हिरवा कोष, मग बिबळ्या कडवा फुलपाखरू माझ्या गॅलरीतून उडालं. त्या दिवसापासून मी देशी झाडं शिकतेय. दारातूनच परत पाठवलं असतं तर मी पुन्हा आले नसते.

मेडशिंगी
ताई, तुमचा अनुभव नाकारत नाही. पण त्या काकूंनी झेंडू ठेवून घेतला, तो पुढे दुसऱ्याला दिला का? माझा विरोध वाटण्याला आहे. माणसाला आत घ्या, चहा द्या, रुई द्या, झेंडू त्याच्या पिशवीत राहू द्या. आजींना रिकाम्या हातानं पाठवलं ती आपली चूक, नियमाची नाही.

माळावरची ताई, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, हे मान्य करतो. बी कुठल्या भागातलं आणि रोप कुठे लावायचं नाही, हे प्रत्येक पिशवीवर लिहायला हवं. तुमच्या माळाची गवतं आम्ही कधी मेळाव्यात ठेवलीच नाहीत. पुढच्या वेळी कुसळीचं बी घेऊन याल का?

माळावरची
येईन. पण आधी तुम्ही या. दिवाळीनंतर गवत पिकतं तेव्हा या. खड्डे खणायची हत्यारं घरी ठेवून.

तांबट
झेंडूवर आपलं एकमत होणार नाही असं दिसतंय. मी अजूनही आजींच्या बाजूनं आहे आणि गटाच्या बैठकीत तेच मांडणार आहे.

पण कंद थांबणार नाहीत, म्हणून एक विनंती. ज्या आठ जणांनी ते नेले, त्यांतल्या पाच जणांचा पत्ता लागलाय. उरलेल्या तिघांपैकी कोणी वाचत असेल तर: कुंडीत पाणी साचू देऊ नका. वेल वाळली की पाणी बंद करा, मेली म्हणून फेकू नका, कंद खाली झोपलेला असतो. शेंग धरली तर फुटायच्या आधी तिला पातळ कापडाची पिशवी बांधा आणि बी मला द्या. तो मुलगा तो उतार दाखवायला तयार आहे. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर बी तिथे नेऊन टाकायचं ठरवलंय. कातळकोपरा दादा, तुम्ही बरोबर याल का?