भाऊ म्हणतो, "बाप मी आहे, संमती माझी." हे कायद्यात बसतं का?

भाचीची आत्या:
भाची नुकतीच दहावी झाली. सोळा पूर्ण व्हायला अजून दोन महिने आहेत. भावाने परवा सुपारी फोडली, मुलगा सव्वीसचा. वहिनी गप्प. मी विरोध केला तर भाऊ म्हणाला, "पोरगी माझी आहे. आई-बापाची संमती असली की कायदा आड येत नाही." रात्री भाचीचा फोन आला. रडली नाही. एवढंच विचारलं, "आत्या, अकरावीचा फॉर्म कधीपर्यंत भरता येतो?" तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. भावाचं खरं आहे का? तक्रार केली तर वहिनी तुरुंगात जाईल का?

निवृत्त ग्रामसेवक:
ताई, भाऊ जुनं सांगतोय. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मुलीचं वय १५ होतं आणि १८ च्या आतल्या मुलीसाठी पालकाची संमती चालायची. १९७८ मध्ये वय १८ केलं आणि संमतीची ती तरतूदच काढून टाकली. आता बापाच्या होकाराला काही किंमत नाही. उलट २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यात लग्न लावून देणं, होऊ देणं, त्यात सामील होणं हाच पालकाचा गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाखापर्यंत दंड. नवऱ्या मुलालाही तेवढीच शिक्षा. वहिनींची काळजी करू नका, या कायद्यात बाईला कैद नाही, दंड होऊ शकतो.

गावात ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. मी एकदा मांडवात गेलो तर बापाने आधार कार्ड पुढे केलं, त्यावर एकोणीस. मी शाळेच्या नोंदीसाठी अडून बसलो. मुख्याध्यापकांनी रजिस्टर उघडलं, पंधरा वर्षं सात महिने! पोरगी हळदीच्या अंगाने कोपऱ्यात उभी होती. म्हणून सांगतो, आधी शाळेचा दाखला हाताशी ठेवा, मग १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा. न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाईहुकूम मिळतो. तो मोडून लावलेलं लग्न मुळातच रद्द ठरतं.

एक वाचक:
आणि मनाईहुकूम नसेल तर लग्न आपोआप रद्द होत नाही, हे लक्षात ठेवा ताई. मुलीच्या बाजूने कोर्टात अर्ज करावा लागतो, तोही ती सज्ञान झाल्यावर दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत. माझं लग्न सोळाव्या वर्षी लावलं. हे मला कोणी सांगितलं तेव्हा एकविसावं सरलं होतं आणि पदरात दोन मुलं होती. अक्षता पडायच्या आधी हला.

भाचीची आत्या:
दाखला भाचीच्याच दप्तरात होता, तिने फोटो पाठवला. १०९८ ला बोलले, त्यांनी सगळं लिहून घेतलं. ग्रामसेवकांना उद्या सकाळी भेटते. भाऊ माझ्याशी बोलायचा बंद होईल, होऊ दे. फॉर्मची शेवटची तारीख भाचीला कळवली आहे.