लॉस एंजेलिसचं बोनाव्हेंचर हॉटेल: जागा मोकळी झाली कशी, आणि आत लोक हरवतात का?

सिमेंट_वाळू यांचा प्रश्न:
लॉस एंजेलिस डाउनटाउनमधलं बोनाव्हेंचर हॉटेल (काचेचे पाच गोल मनोरे, फिगरोआ स्ट्रीट) हे 'अर्बन रिन्यूअल'मधून (जुन्या वस्त्या पाडून केलेल्या सरकारी पुनर्विकासातून) मिळालेल्या जागेवर उभं आहे, इतकं सगळीकडे वाचायला मिळतं. पुढचं कुणी सांगत नाही. खाजगी हॉटेलसाठी सरकारला लोकांची घरं घेता आली ती कुठल्या आधारावर? पैसे कुणी घातले? आणि आत गेलेला माणूस हरवतो म्हणतात, त्यात तथ्य किती? इमारतींच्या इतिहासावरच्या टिपणासाठी हवंय, त्यामुळे ढोबळ उत्तर नको.

सातबारा:
घरं हॉटेलसाठी घेतली नव्हती, 'बकाल वस्ती' म्हणून घेतली होती. सगळी मेख तिथेच आहे.

क्रम असा. कॅलिफोर्नियाने १९४५ मध्ये पुनर्विकासाचा कायदा केला. त्याखाली १९४८ मध्ये शहराची कम्युनिटी रिडेव्हलपमेंट एजन्सी (सीआरए) आली. १९४९ च्या फेडरल हाउसिंग अॅक्टने देशभरासाठी पैशाचं सूत्र ठरवलं. एजन्सीने सर्वेक्षण करून भाग बकाल ठरवायचा, आराखडा मंजूर करून घ्यायचा, सक्तीने भूसंपादन करायचं, घरं पाडून, रस्ते बदलून मोठे भूखंड करायचे आणि ते विकासकाला विकायचे. या व्यवहारात तोटा होणार हे धरलेलंच असे. समजा संपादन आणि साफसफाईला १०० रुपये लागले आणि विक्रीतून ४० आले. तूट ६०. त्यातले दोन तृतीयांश म्हणजे ४० केंद्राचे, २० शहराचे. विकासकाला जमीन स्वस्त पडते ती इथे.

या कायद्यात हॉटेल बसतं का? कायद्याची अट होती की भाग आधी तरी मुख्यतः निवासी असावा, नाहीतर नंतर तरी व्हावा. बंकर हिल, म्हणजे हॉटेल उभं आहे ती टेकडी, आधी निवासी होतीच, म्हणून नंतर तिथे कार्यालयं आणि हॉटेलं आली तरी अट पाळली गेली. निवासाच्या नावाने आलेला कायदा निवास काढून टाकायला असा उपयोगी पडला.

खाजगी हातात जमीन देण्यावरचा आक्षेप १९५४ च्या बर्मन विरुद्ध पार्कर खटल्यात निकाली निघाला. वॉशिंग्टनमधलं एक दुकान स्वतः चांगल्या अवस्थेत होतं, तरी आराखडा पूर्ण भागाचा असल्याने ते घेता येतं, असं सुप्रीम कोर्ट म्हणालं. त्यानंतर एकेका घरमालकाला 'माझं घर पक्कं आहे' म्हणून लढण्यात अर्थ उरला नाही.

कौलारू:
वरच्या उत्तराला एक पुरवणी. कॅलिफोर्नियात केंद्राच्या सूत्राशिवाय दुसरा रस्ता होता, आणि सीआरएचा हिशेब बघताना तो सोडून चालत नाही. प्रकल्प मंजूर झाला त्या वर्षीचं करमूल्य गोठवायचं, पुढे इमारती उभ्या राहून वाढलेला मालमत्ता कर एजन्सीने कर्जफेडीला घ्यायचा. १९५२ च्या घटनादुरुस्तीने याला पक्का आधार दिला. यात खोट अशी, की वाढीव कर हवा तर कर जास्त देणारं बांधकाम हवं. स्वस्त भाड्याच्या खोल्या त्या हिशेबात कुठे बसणार? राज्याने २०१२ मध्ये या एजन्सीच बंद केल्या.

आता टेकडी. बंकर हिलवर आधी श्रीमंतांचे लाकडी व्हिक्टोरियन वाडे होते. ते लोक निघून गेले, वाड्यांच्या खोल्या पडल्या आणि त्या भाड्याने लागल्या. भाडेकरूंत पेन्शनवरचे एकटे म्हातारे बरेच. शहराने आराखडा १९५९ मध्ये मंजूर केला, पण चर्चा दहा वर्षं आधीपासून चालू होती. पाडणार हे कळल्यावर मालक गळकं छप्परही दुरुस्त करत नाही, बँक कर्ज देत नाही. बकालपणाचा शिक्का आधी बसतो, मग वस्ती खरोखर तशी होते.

भरपाई मालकाला, बाजारभावाने. भाडेकरूला १९५६ च्या दुरुस्तीनंतर सामान हलवायचा खर्च, तोही कुटुंबामागे जास्तीत जास्त १०० डॉलर. स्थलांतराचा नीट कायदा आला १९७० मध्ये, तोवर टेकडी रिकामी झाली होती. आपल्याकडे मुंबईत विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) खाली जुन्या भाडेकरूला त्याच जागी घर मिळतं, तसा हक्क इथे नव्हता. 'कॅसल' आणि 'सॉल्ट बॉक्स' ही दोन घरं उचलून हेरिटेज स्क्वेअर या जुन्या घरांच्या संग्रहालयात नेली, ती त्याच वर्षी, १९६९ मध्ये, आगीत गेली. एंजल्स फ्लाइट ही उताराची रेल्वेही १९६९ मध्ये काढली. ती १९९६ मध्ये परत आली, पण मूळ जागेपासून अर्धा ब्लॉक दक्षिणेला.

जिना_कुठाय:
हरवण्याबद्दल. हॉटेल १९७६ चं. वास्तुविशारद जॉन पोर्टमन, आणि विकासकही तेच. मधला एक आणि भोवती चार असे दंडगोल, ३५ मजले, साधारण ११२ मीटर, सुमारे १,३५० खोल्या. चारही मनोरे सारखे, अंतरं सारखी. खाली सहा मजली अॅट्रियम (वरपर्यंत मोकळं दालन), त्यात पाण्याची तळी आणि काँक्रीटचे गोल खांब, बाल्कन्या, वर्तुळाकार वाटा. सरळ भिंत नाही आणि बाहेरचा रस्ता दिसत नाही, त्यामुळे आपण कोणत्या दिशेला तोंड करून उभे आहोत हे कळायला काही खूणच उरत नाही.

त्यात प्रवेश. जागा उतारावर आहे, फ्लॉवर स्ट्रीटची बाजू उंच, फिगरोआची खाली. मूळ रचनेत मागच्या बागांकडून आलात की थेट सहाव्या मजल्यावर पोचायचात आणि लॉबीची लिफ्ट गाठायला एक मजला पायी उतरायचं. फिगरोआकडून आलात तर दुसऱ्या मजल्यावर, दुकानांच्या बाल्कनीत. नोंदणीचं टेबल सरकत्या जिन्याने आणखी खाली. वरच्या गॅलऱ्यांमधली दुकानं यामुळेच चालेनात, कारण दिसलेल्या दुकानापर्यंत पुन्हा पोचणं गिऱ्हाइकाला जमायचं नाही. उपाय म्हणून मनोऱ्यांना लाल, पिवळा, हिरवा, निळा असे रंग दिले आणि पाट्या लावल्या. लिफ्ट घेण्याआधी रंग बघावा, मजला नंतर.

रस्त्याकडे कोऱ्या काँक्रीट भिंती का, यामागे पोर्टमनची हौस होतीच, पण नियोजनही होतं. पादचाऱ्यांनी रस्त्याच्या वरून, पुलांवरून चालायचं अशी डाउनटाउनची योजना होती. फिगरोआवरून युनियन बँक प्लाझाकडे जाणारा पूल त्यातलाच. या भागातून जाणारी छोटी स्वयंचलित रेल्वे १९८१ मध्ये केंद्राने पैसे काढून घेतल्यावर रद्द झाली. पुलांचं जाळंही तुटक राहिलं. इमारत मात्र त्या जाळ्याच्या भरवशावर रस्त्याकडे पाठ करून बसली.

सातबारा:
टिपणासाठी सॅनबर्नचे अग्निविमा नकाशे काढा. एक इंच म्हणजे ५० फूट, गुलाबी म्हणजे वीट, पिवळा म्हणजे लाकूड. चौथा रस्ता, पाचवा रस्ता, फ्लॉवर आणि फिगरोआ यांच्यामधला चौकोन शोधा. नकाशावर छापील वर्षानंतरही दुरुस्तीच्या चिठ्ठ्या चिकटवत, त्यामुळे वर्षावर विसंबू नका, चिठ्ठीची तारीख बघा. टेकडी नंतर खोदून उतरवली आहे, म्हणून जुन्या फोटोतली उंची आजच्या रस्त्याशी जुळवत बसू नका. फोटोंसाठी तिथल्या सार्वजनिक वाचनालयाचा संग्रह चांगला आहे. रस्त्याच्या नावाने शोधा, हॉटेलच्या नावाने शोधलंत तर १९७६ नंतरचंच मिळेल.