चाच्यांची मालिका 'ब्लॅक सेल्स': पहिले दोन भाग पाहिले, यात खरं किती?

प्रश्न – शिडाची_दोरी
१७१५ सालचं नसाऊ, बहामाजमधलं चाच्यांचं बंदर, छान उभं केलंय. पण बोलणीच फार, समुद्र कमी. यातली खरी माणसं कोण? आणि खलाशी मतं देऊन कप्तानाला खाली उतरवतात, हे खरंच व्हायचं? पुढे बघावी का?

उत्तर – जुना_नकाशा
फ्लिंट, सिल्व्हर आणि बिली बोन्स 'ट्रेझर आयलंड' कादंबरीतले. मालिका तिच्या आधीची गोष्ट सांगते. व्हेन, रॅकम, ॲन बॉनी, हॉर्निगोल्ड खरे.

मालिकेत सगळे जिच्या मागे आहेत ती स्पॅनिश नौका 'उर्का दे लिमा'ही खरीच, पण 'उर्का' म्हणजे रुंद पोटाचं मालवाहू गलबत. राजाचा खजिना तिच्यावर नव्हता. होती ती कातडी, चॉकलेट, व्हॅनिला, धूप आणि खासगी व्यापाऱ्यांची थोडी चांदी. खजिन्याचा पन्नास लाखांचा आकडा मालिकेचा. तिचं पुढे काय झालं ते आत्ता शोधू नका, पहिल्या पर्वाचा शेवट आधीच कळेल.

आणि नसाऊच का? १६९५ मध्ये सुरतेला परतणारं औरंगजेबाचं जहाज 'गंज-इ-सवाई' लुटणारा इंग्रज चाचा हेन्री एव्हरी पुढच्या वर्षी तिथेच गेला, गव्हर्नरला लाच देऊन उतरला. बंदराची ख्याती तेव्हापासूनची!

उत्तर – तांडेल
मतदान शंभर टक्के खरं. नोव्हेंबर १७१८ मध्ये फ्रेंच युद्धनौकेवर चाल करायला व्हेनने नकार दिला, तेव्हा खलाशांनी त्याला मतं घेऊन काढलं आणि त्याचा क्वार्टरमास्टर (कप्तानाखालचा, खलाशांच्या बाजूने बोलणारा अधिकारी) रॅकम कप्तान झाला. पाठलाग आणि लढाईत कप्तानाचा शब्द अखेरचा. एरवी वाटप, शिक्षा, तंटे क्वार्टरमास्टरकडे. बार्थोलोम्यू रॉबर्ट्स या चाच्याच्या जहाजावर दोघांनाही दोन-दोन वाटे मिळत, तोफखान्याच्या प्रमुखाला दीड. म्हणून पहिल्या भागात फ्लिंटपेक्षा त्याचा क्वार्टरमास्टर गेट्स याच्याकडे नीट बघा. मतं कुठे झुकतायत ते त्याच्या चेहऱ्यावर आधी दिसतं.

समुद्र कमी म्हणालात, तर जहाज कलंडवून तळ साफ करण्याच्या प्रसंगापर्यंत थांबा. उष्ण पाण्यात तळाला शेवाळ-शिंपले चढतात, वेग पडतो, आणि किडा फळ्या आतून पोखरतो. चाच्यांना गोदी कुठली? तोफा, पिंपं, वजन सगळं उतरवायचं, भरतीला जहाज किनाऱ्यावर घ्यायचं, डोलकाठ्यांना दोर बांधून एका कुशीवर ओढायचं. मग घासायचं, जाळायचं, फटी बुजवून डांबर फासायचं. कोन जास्त झाला किंवा दोर तुटला की खालची माणसं चिरडतात. शिवाय तोफा किनाऱ्यावर असताना शत्रू आला तर पळताही येत नाही. ही भीती मालिकेने अचूक पकडलीय.

उत्तर – जुना_नकाशा
एकूण ४ पर्वं, ३८ भाग. पहिलं फक्त ८ भागांचं. संथ वाटतं, कारण कोणाचं देणं कोणाकडे, माल कोण विकतो, हे सगळं तिथे मांडलंय. ते ऐकताना सोडलंत तर दुसऱ्या पर्वातली भांडणं कळणार नाहीत. सबटायटल लावूनच बघा.